वाघरीच्या आत तुकाबाई

मी वाघर बोलतेय. शहरातल्या माणसांना हे नाव ठाऊक नसेल, म्हणून सांगते. रात्री मेंढ्या एका जागी राहाव्यात म्हणून मेखा ठोकून त्यांच्याभोवती जी सुतळीची जाळी लावतात, ती मी. सगळा जन्म उघड्या माळावर काढला आणि आता म्हातारपणी मुळशीतल्या एका घराच्या पडवीत खिळ्यांना अडकून पडलेय. जीव अगदी गुदमरतो हो!

मला विणलं एका धनगरानं. म्हातारा गाठ अशी आवळायचा की माझ्या अंगातून कळ निघायची. पुढं मी त्याच्या मुलाच्या, सिद्धूच्या हाती आले. सिद्धू मेखा ठोकायचा आणि त्याची बायको तुकाबाई मला ताणून धरायची. मारुंजीच्या शेतांत आम्ही खतासाठी मेंढ्या बसवायचो. तिथं सोसायट्या झाल्या, मग लवळ्याकडच्या माळावर गेलो. दोघं सारखी भांडायची. मेख वाकडी गेली तरी भांडण, चहा गोड झाला तरी भांडण. मला मात्र त्यांच्यात लई करमायचं.

एखादी मेंढी खंगायला लागली की तुकाबाई तिला कळपातून काढून लांब बांधायची. रोग बाकीच्यांना लागू नये म्हणून. अशी काढलेली मेंढी क्वचितच परत आत यायची. तुकाबाई तिच्यापुढं पाणी ठेवायची आणि मागं न बघता निघून यायची.

मग तुकाबाईच्याच छातीत गाठ निघाली. कॅन्सर. पुण्याच्या दवाखान्यात केमो सुरू झाली. तिथून घरी आल्या आल्या सिद्धूनं मला माळ्यावरून ओढलं, पडवीच्या कोपऱ्यात तिच्या खाटेभोवती ताणलं आणि खिळे ठोकले. ना सांगणं, ना विचारणं. तुकाबाईनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं, आणि कूस वळवून भिंतीकडं तोंड केलं. ती काय समजली ते मी तेव्हाच ओळखलं. पण मी काय करणार? मला माणसांशी बोलता थोडंच येतं!

त्यानंतर सून नंदा माझ्याखालून ताट आत सरकवायची. सिद्धू बाहेर पाठ करून बसायचा. तुकाबाई माझ्या भोकांत बोटं अडकवून आवाज न करता रडायची, आणि तिकडं पाठमोरा सिद्धू टॉवेलनं डोळे पुसायचा. दोघांचंही रडणं मला दिसत होतं, त्यांना एकमेकांचं दिसत नव्हतं. असला कोंडमारा वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

पुढच्या केमोचा दिवस आला आणि तुकाबाई उठेना. "म्या न्हाई येत," एवढंच म्हणाली. सिद्धूनं विनवलं, आरडाओरडा केला. शेवटी नंदानं दवाखान्यातल्या रोहिणीताईंना फोन लावला. पेशंटशी आणि घरच्या माणसांशी मोकळेपणानं बोलणं हेच त्यांचं काम.

रोहिणीताई आल्या, हात धुतले, मास्क लावला आणि मला वर उचलून सरळ आत येऊन खाटेशेजारी बसल्या. उपदेश नाही, काही नाही. मग म्हणाल्या, "तुकाबाई, ही जाळी कशासाठी लावलीय?"

"तुमास्नी ठाव न्हाई व्हय? आजारी मेंढी येगळी काढत्यात, बाकीचा कळप वाचावा म्हनून," तुकाबाई म्हणाली. "आन् जी काढून टाकली, तिच्यावर औशिद कशाला घालवायचं? म्हनून म्या जात न्हाई."

बाहेर सिद्धू ताडकन उठला. "आगं येडे! तुझा रोग आमाला न्हाई लागत गं! आमचा खोकला तुला लागू नये म्हनून लावली ती! तुज्या अंगात आता ताकद न्हाई, जपा, असं डाक्टर म्हनलं. मला दुसरं काय येतंय? वाघर लावाया येती, ती लावली!"

"मग तोंडानं सांगाया काय झालं हुतं?"

"तुज्याम्होरं तोंड उगाडलं की रडूच येतंय मला."

बोलता बोलता तो माझ्यावरून आत यायला निघाला. पाय माझ्यात अडकला आणि गडी धपकन आत पडला. मेंढरं राखण्यात हयात गेली, आणि स्वतःच्याच वाघरीत असा आपटला! तुकाबाईला हसू फुटलं आणि हसता हसता ती हुंदके देऊन रडायला लागली. सिद्धू उठलाच नाही. तिथंच जमिनीवर बसून तिचे पाय धरून रडला. रोहिणीताईंनी त्याच्या हातात मास्क दिला. म्हणाल्या, "सर्दी-खोकला नसेल तेव्हा हा लावून खुशाल जवळ बसा. तिला गर्दी नको, पण माणूस हवंय."

आज दोघं सकाळच्या एस्टीनं केमोला गेलीत. मी इथंच आहे, रिकाम्या खाटेभोवती. तुकाबाई वाचेल का, मला ठाऊक नाही. माळावरचं वारं पुन्हा अंगाला लागेल असंही वाटत नाही. माझं एवढंच ऐका: आजारी माणसाला जपण्यासाठी वेगळं ठेवावं लागलं तर ठेवा, पण का ठेवलंय ते त्याला तोंडानं सांगा.

निघताना सिद्धू माझे खिळे उपटायला लागला, तशी तुकाबाईनं त्याचा हात धरला.

"वाघर ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमी आत बसत जावा."