तीन पानी पश्चात्ताप

नियम एकमताने मंजूर झाला: एआय वापरताना पकडलेल्या विद्यार्थ्याने स्वतःची, खरी, एकच ओळ लिहायची. पण तसं काही झालंच नाही असं समजा. उपमुख्याध्यापक प्यॉन यांनीही तसंच समजायचं ठरवलं आहे.

दक्षिण कोरियातल्या सुंचॉन शहरातल्या त्या शाळेत गू हे-रान बाई कोरियन भाषा शिकवत. फेब्रुवारीत निवृत्ती. नियम-समिती नेमली त्या दिवशी त्या दाढ काढायला गेल्या होत्या. जो गैरहजर तो अध्यक्ष, ही शाळेची जुनी लोकशाही. बाईंनी आधी कडक नियम केला: यंत्राकडून निबंध लिहून घेणाऱ्याने तीन पानी माफीनामा हाताने लिहावा. एकतीस वर्षं त्या माफीनामे वाचत आल्या होत्या, शेवटच्या शब्दापर्यंत.

पहिला सापडलेला विद्यार्थी म्हणजे नाम दो-युल. त्याच्या माफीनाम्यात ‘आईचे पिकलेले केस पाहून माझी मान खाली जाते,’ इथे बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ‘फार छान’चा शिक्का मारला. मग आठवलं, दो-युलची आई केस रंगवायचं दुकान चालवते आणि तिचे स्वतःचे केस नारिंगी आहेत.

“हा माफीनामाही यंत्राचाच?”

“हो बाई. पण उतरवला मी. बोटं बघा, सुजलीत.”

“आणि लिहिताना तुला काय वाटत होतं?”

“भूक लागल्यासारखं.”

“गाढवा, मग खरं ते लिही ना!”

“एक ओळ चालेल?”

“अर्धी चालेल.”

दोन खाडाखोडी करून त्याने लिहिलं: ‘बाई खरंच वाचतात हे माहीत नव्हतं, नाहीतर मीच लिहिला असता.’

बाईंनी शिक्का खणात ठेवला. दुपारी त्यांनी एका ओळीचा नियम सभेपुढे मांडला. जेवणाच्या घंटेला पाच मिनिटं होती, त्यामुळे सगळे हात वर गेले.

दुसऱ्या दिवशी प्यॉन म्हणाले, “गू बाई, एक ओळ? पालकांना वजन दिसायला हवं. मी चौदा पानी मसुदा करून घेतलाय.”

“कुणाकडून?”

“अहो, एवढं लिहायला वेळ कुणाला आहे?”

“तुम्ही तो वाचलात?”

प्यॉन यांनी चष्मा पुसला. कालची सभा इतिवृत्तातून वगळली गेली.

बाईंनी कोरा कागद घेतला आणि हातानेच लिहिलं:

‘मा. मुख्याध्यापक यांस, सोबत जोडलेली विद्यार्थ्याची एक ओळ, खाडाखोडीसह, माझ्या एकतीस वर्षांच्या सेवेची पोचपावती म्हणून सेवापुस्तकात नोंदवून घ्यावी, ही नम्र विनंती.’