चौदाव्या सोमवारचे दोन नाच

“सोमवार प्रदोषातच सोडायचा, नलिनी. पिंडीवर बेल वाहायचा, चूर्म्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच घोटभर पाणी. एक जरी चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून.”

व्रत देताना रुक्मिणीकाकू बोलल्या होत्या ते नलिनीच्या कानात घुमत होतं, आणि समोर स्टेजवर सात-आठ मुलंमुली पत्र्याच्या पिंपावर काठ्या आपटत होती. सकाळपासून पोटात पाणी नव्हतं. पोस्टाच्या खिडकीत दिवसभर तिकिटं विकून ती तशीच हॉलवर आली होती. प्रत्येक ठोका थेट कपाळात बसत होता.

“काय गं हे?” शेजारी बसलेली कुंदा कुजबुजली. कुंदा समोरच्या ब्लॉकमधली, सोबतीला आलेली. “सगळ्यांना एकदम फिट आल्यासारखं.”

“बघ गप.”

“बघतेच आहे. आपली अनू यातली कोण?”

तेच तर कळत नव्हतं. सगळ्यांची तोंडं पांढरी रंगवलेली, डोकी फडक्यांनी बांधलेली, त्यात तो निळा अंधार. शेवटी कुंदानेच शोधून काढलं, “ती डावीकडची उंच. बघ ना, चालणं तुझंच आहे.” नलिनीने चष्मा पुसून पाहिलं आणि तिलाही ते पटलं. मग ती त्या उंच मुलीवरच नजर लावून बसली. मुलगी जमिनीवर लोळली, पालथी झाली, पिंपाला डोकं टेकून नुसतीच उभी राहिली.

या लेकीसाठी, अनुपमासाठीच नलिनीने श्रावणात सोळा सोमवार धरले होते. मुलीचे वडील नाहीत, तिचं एकदा मार्गी लागू दे, एवढंच मागणं. आणि महादेवाने ऐकलंही होतं. मुलुंडचं स्थळ आपणहून आलं. मुलगा बँकेत, स्वतःचा ब्लॉक. त्याची आई वनमालाबाई नलिनीच्या माहेरगावची. येत्या शनिवारी सुपारी फोडायची होती. त्यांचं म्हणणं एकच, लग्नानंतर नाच बंद. “हौस झाली ना आता,” वनमालाबाई हसून म्हणाल्या होत्या.

अनुपमा हसली नव्हती. पाहुणे गेल्यावर कपबश्या विसळता विसळता ती म्हणाली, “आई, भरतनाट्यम सोडल्यापासून मी काय करते ते तू एकदाही बघितलं नाहीस. सोमवारी ये. शेवटपर्यंत बस. मग विचार मला, सोडशील का म्हणून.”

“आणि तू नाही म्हणालीस तर?”

“तर मुलुंडला तू सांगायचंस.”

“बरं. शेवटपर्यंत बसेन. वेळ आलीच तर मी स्वतः जाऊन सांगेन,” नलिनीने शब्द दिला. वेळ येणार नाही याची तिला खात्री होती. ना घुंगरू, ना देवाची स्तुती, ना अंगावर धड दागिना. असल्या नाचापायी कोण चांगलं स्थळ सोडेल? शिवाय दोन संस्थांचे दोन नाच होते आणि अनुपमाचा पहिला होता. तो संपला की घर दोन गल्ल्यांवर. चूर्मा करून झाकून ठेवलेला होता, बेल ओल्या फडक्यात होता.

पिंपं एकदाची थांबली. दिवे लागले. नलिनीला दमल्यासारखं झालं, पण आतून हलकंही वाटलं. आता अनूला तोंडावर सांगता येईल, की बघितलं, बसले, आणि मला नाही पटलं. वाक्यं तिने मनात लावूनही ठेवली. संस्थेचे चिटणीस माइकवर आले आणि आभार मानू लागले. हॉलच्या मालकाचे, दिवेवाल्याचे, हार देणाऱ्याचेसुद्धा.

“याला कोणीतरी बसवा रे,” कुंदा म्हणाली.

तेवढ्यात बाजूच्या दारातून अनुपमा धावत आली. फिकट सुती साडी वर खोचलेली, केस मोकळे. तोंडाला रंगाचा ठिपकाही नव्हता.

“आई, बरं झालं थांबलीस. अगं, आमच्या नाचाचे दिवे लावून झाले नव्हते, म्हणून क्रम बदलला. आमचं आता आहे.”

नलिनी तिच्याकडे बघतच राहिली. “म्हणजे मघाची ती उंच...”

“ती? ती पुण्याची आहे.” अनुपमा हसली, मग आईचा चेहरा बघून थांबली. “तुझी पूजा राहील ना.”

“तू जा आत. तुझी घंटा होतेय.”

ती गेली तशी कुंदाने पिशवी उचलली. “ऊठ. घरी जाऊन पूजा उरक. तिला स्टेजवरून अंधारात काय डोंबल दिसतंय? विचारलं तर छान होतं म्हण.”

नलिनी उठली. रांगेतल्या लोकांचे गुडघे ओलांडत दारापर्यंतही गेली. बाहेर पानवाल्याच्या रेडिओवर बातम्या चालू होत्या. आत्ता निघालं तर प्रदोष सापडत होता. परक्या मुलीचा नाच बघून ठरवलेली वाक्यं तिच्या जिभेवर तयारच होती. ती तिची तिलाच कडू लागली.

ती परत येऊन बसली.

“अगं, चौदा सोमवार वाया जातील,” कुंदा म्हणाली.

“महादेव भोळा आहे,” नलिनी म्हणाली. “पोरगी नाही.”

दुसऱ्या नाचात वाद्यच नव्हतं. अनुपमा एका मुलीला पाठीवर घेऊन चालत होती. पडत होती, उठत होती, तिला पुन्हा पाठीवर घेत होती. गुडघा फळ्यांवर आपटला की नलिनीचा हात खुर्चीच्या दांडीवर आवळायचा. का पडते, कुठे नेते त्या मुलीला, काही कळेना. जीव नुसता चिडत होता. लहानपणी भरतनाट्यमच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमात, अरंगेत्रमला, अनू प्रत्येक पदानंतर पहिल्या रांगेत आईला शोधायची, नलिनीने मान हलवली की मगच पुढचं सुरू करायची. आज तिने एकदाही खाली बघितलं नाही. नलिनीची मान मात्र दोनदा आपोआप हलली.

टाळ्या थांबल्या. गर्दी ओसरली. अनुपमा एका हातात पाण्याची बाटली घेऊन, टॉवेलने मान पुसत समोर उभी राहिली.

“बोल.”

“मला काही कळलं नाही,” नलिनी म्हणाली. “आवडलंही नाही. सारखी पडतेस कशाला?”

“बरं.”

“सोडशील का?”

“नाही, आई.”

हे तिने इतकं हळू सांगितलं, की भांडायला जागाच उरली नाही. नलिनीने हात पुढे केला. “ती बाटली दे.”

“पूजा?”

“प्रदोष गेला.”

पाणी कोमट होतं. ती सगळं प्यायली.

मंगळवारी सकाळी नलिनीने पोस्टात रजा कळवली, देवाला फूल वाहिलं, आणि कपाटातली ठेवणीतली सुती साडी काढली. वनमालाबाई काय म्हणतील, माहेरगावात काय काय पोचेल, याची वाक्यं मनात लावून बघितली. एकही नीट बसेना. अनुपमा अजून गाढ झोपली होती. तिचा उघडा गुडघा काळानिळा झाला होता. नलिनीने वाटीत हळद-तेल कालवून उशाशी ठेवलं आणि गोधडी वर ओढली.

मग चपला हातात घेऊन ती जिन्यावर आली. दार आवाज न करता ओढून घेतलं, चपला पायांत घातल्या, आणि मुलुंडच्या बसकडे चालू लागली.