मोटरचा मालक

विहिरीवरची मोटर फोनवरून चालवायचं यंत्र बसवलं, तेव्हा त्यात एकच नंबर भरता येतो, असं मेकॅनिकनं सांगितलं. कुणाचा, हे कुणी विचारलंच नाही. नवऱ्यानं खिशातून फोन काढून पुढे केला आणि मोटर त्याची झाली. मोटरच्या बटणांच्या पेटीला कुलूप, किल्ली त्याच खिशात.

शेतात मात्र बायको असायची. दोन वाफ्यांत तिनं टोमॅटोची रोपं लावली होती. घरच्या शेतात तिच्या मनानं लागलेलं हे पहिलंच पीक. लावतानाच सगळ्यांनी हसून घेतलं होतं, त्यामुळे ते जगवणं भाग होतं. नवरा सलूनच्या बाकावर असे. तो पत्ते खेळत नसे, खेळणाऱ्यांना सल्ले देत असे. हे काम जास्त जबाबदारीचं.

पाणी हवं असलं की ती त्याला फोन करी, तो मोटरला करी. मधे एखादा डाव असे.

"अहो, रोपं माना टाकतायत. मोटर लावा."

"लावतो ना. घाई कसली?"

घाई रोपांना होती, पण त्यांच्याकडे फोन नव्हता.

"माझा नंबर भरू या का त्यात?" एकदा तिनं विचारलं.

"तुला कशाला डोक्याला ताप?" तो मायेनं म्हणाला. "मी आहे ना."

सासू लसूण सोलत होती. "आहे खरा," ती म्हणाली. "कुठे, ते विचारू नकोस."

रोपांची एक ओळ वाळून गेली. मग मेकॅनिक शेजारच्या विहिरीवर आलेला दिसला, तशी तिनं त्याला हाक मारली आणि नवऱ्यालाही बोलावून घेतलं.

"दादा, वीज आली-गेली की हे यंत्र मालकाला कळवतं म्हणे?"

"कळवतं की. फोन करतं. उचलेपर्यंत करतं."

"मग ते चालू करून द्या. मालकाला आपल्या मोटरची खबर नको का?"

नवऱ्याला हे फार पटलं. बायकोला आपली किंमत कळते, असं त्यानं सलूनमध्ये सांगितलंही.

तिकडची वीज चपला न काढता परत फिरणाऱ्या पाहुण्यासारखी. यंत्रानं प्रत्येक वेळी इमानानं कळवलं. सल्ला ऐन रंगात आला की फोनमधून बाई बोले: आपली वीज आली आहे. आपली वीज गेली आहे. पत्तेवाले आधी हसले, मग "उचल बाबा, तुझी साहेबीण आली" म्हणू लागले, शेवटी त्यांनी बाकच बदलला. जेवताना, दाढी करताना, डोळा लागताना, बाईला वेळकाळ नव्हता.

आठवडा संपायच्या आत त्यानंच मेकॅनिकला घरी बोलावलं.

"हिचा नंबर टाक. शेतात हीच असते," तो म्हणाला. हे त्याला आत्ताच कळल्यासारखं वाटत होतं.

"त्यासाठी नंबर कशाला बदलायचा? ते कळवणं नुसतं बंद..."

"चहा निवतोय तुमचा," सासू म्हणाली.

मेकॅनिकनं तिच्याकडे पाहिलं आणि चहा घेतला. मग नंबर बदलला. नवऱ्यानं किल्लीही देऊन टाकली. पेटी उघडायला उठून जाणार कोण?

बायकोनं वाफ्याच्या कडेला उभं राहून फोन लावला. एका घंटीत मोटर लागली. पाणी वाळलेल्या ओळीला वळसा घालून उरलेल्या रोपांपाशी पोचलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला: आपली मोटर चालू झाली आहे.

"दिसतंय मला," ती म्हणाली आणि फावडं उचलून दुसऱ्या वाफ्याकडे पाणी वळवायला गेली.