माझ्या पाठीवरची कार्यशाळा

मी एक फ्लेक्स बोलतोय. बारा फूट लांब, सहा फूट उंच, राहणार इलोइलो शहर, कॉलेजचं ग्रंथालय. माझ्यावर पंधरा प्राध्यापकांचे हसरे चेहरे आहेत आणि वर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'संदर्भ कसे शोधावेत : कार्यशाळा'.

ही कार्यशाळा ग्रंथपाल लुर्देस मॅडमना हवी होती. गेल्या वर्षी रसायनशास्त्राच्या चाळीस मुलांनी आपापल्या प्रबंधात संदर्भ म्हणून एकच ओळ लिहिली होती : 'आमचे अर्सेनियो सर, मंगळवारी, वर्गात.' ते वाचून मॅडमना रडू आलं. प्रत्येक प्राध्यापकाने आपले दोन तास द्यावेत, मुलांना पुस्तकं धुंडाळायला मी शिकवते, एवढंच त्यांचं मागणं होतं.

त्यासाठी प्राध्यापकांबरोबर तीन बैठका झाल्या. पहिलीत, खायला पांसित नूडल्स की भाताचे सुमान, यावर दीड तास गेला. पांसित जिंकलं. दुसरीत माझा रंग ठरला. तिसरीत अर्सेनियो सर अडून बसले.

"माझा चेहरा सगळ्यांत मोठा हवा. मी सगळ्यांत जुना आहे."

"ते फोटोत दिसेलच, सर," लुर्देस मॅडम म्हणाल्या.

शिकवायचं काय, हा विषय निघाला तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. मग मी छापून आलो आणि माझ्यावरची तारीख चार वेळा कागद चिकटवून बदलली.

अखेर तो दिवस उजाडला. डीन मॅडमना दुसऱ्या समारंभाला जायचं होतं. "आधी फोटो काढून घेऊ," त्या म्हणाल्या. सगळे माझ्यापुढे दाटीवाटीने उभे राहिले. फोटो झाला, लगेच प्रमाणपत्रं वाटली, मग पांसित. ताटल्या रिकाम्या झाल्या तशी खोलीही रिकामी झाली.

"डीन मॅडम, अहो, शिकवायचं राहिलं की!" लुर्देस मॅडम जिन्यापर्यंत धावल्या.

"फोटो छान आलाय ना? मग झाला कार्यक्रम."

अहवालात 'उदंड प्रतिसाद' लिहिलं गेलं आणि मला गुंडाळून कपाटामागे टाकलं. पंधरा चेहरे घेऊन अंधारात पडायचं, फार वाईट वाटलं मला.

महिन्याभराने अर्सेनियो सर चोरपावलांनी ग्रंथालयात आले. त्यांचा लेख एका नियतकालिकाने परत पाठवला होता. संदर्भांत त्यांनीही स्वतःचंच नाव लिहिलं होतं.

"मला एकट्याला शिकवाल का? कुणाला कळू न देता?"

"शिकवीन की. पण तुमचे दोन तास द्यायचे, आणि त्या चाळीसही मुलांना घेऊन यायचं."

सरांनी टक्कल खाजवलं. "पांसित असेल?"

"नसेल."

"बरं," सर म्हणाले.

ग्रंथालयाचा प्रोजेक्टरचा पडदा नाचाच्या कार्यक्रमाला गेला होता. म्हणून मॅडमनी मला तोंड भिंतीकडे करून टांगलं. माझी पाठ पांढरी आहे. तिच्यावर चित्रं उमटली आणि मॅडम शिकवू लागल्या. दोन तासांचे तीन झाले. मला भिंतीशिवाय काहीच दिसत नव्हतं, पण पहिल्या बाकावरून अर्सेनियो सर मुलांच्या आधी शंका विचारत होते, ते ऐकू येत होतं.

आता मी पुन्हा कपाटामागे आहे. त्या दिवशी फोटो काढायचं कुणालाच सुचलं नाही, त्यामुळे कॉलेजच्या दफ्तरी ती कार्यशाळा झालेलीच नाही. कुणी विचारलं तर तुम्ही तरी सांगा, ती झाली. माझ्या पाठीवर झाली.