अर्ध्यावर तुटलेलं प्रवचन

योगराज कडोदऱ्याला माग चालवायचा आणि रविवारी डिंडोलीतल्या आपल्या खोलीत बायबलवर बोलायचा. त्याचा एक हट्ट होता. आवडीचं वचन उचलायचं नाही. मागच्या रविवारी जिथं थांबलो तिथून पुढं, ओळीमागून ओळ, अर्थ उलगडत जायचं. मंडळी पेंगायची, पण हा बाबा एक ओळ गाळेल तर शपथ! कडू ओळ गाळायची तर मिठाईचं दुकान टाकावं, असं वर ऐकवायचा.

गेल्या रविवारी ‘डोळ्याबद्दल डोळा, असं तुम्ही ऐकलं आहे,’ एवढं त्यानं वाचलं आणि दार मोडून छगन आत शिरला. त्याचा धाकटा भाऊ भगवान याच खोलीत ख्रिस्ती झाला होता, तो राग. सोबत सळया घेतलेले टगे. त्यांनी बायांना केस धरून फरफटवलं, भजनाची पेटी फोडली. योगराजचा मुलगा ललित आडवा आला, तर छगननं त्याच्या तोंडावर सळई हाणली. एकुलत्या एका पोराचा डोळा गेला.

प्रवचन तिथंच तुटलं आणि तेवढंच अर्धं वाक्य आठवडाभर मंडळीच्या तोंडी राहिलं. बहुतेकांना वाचता येत नव्हतं. पुढं काय आहे ते कुणी विचारलं नाही, आणि योगराजनंही सांगितलं नाही.

आज भगवाननं सख्ख्या भावाला हात बांधून, बडवत आणलं आणि मंडळीपुढं आपटलं. छगनचा ओठ फाटला होता, दात रक्तानं माखले होते. भगवान त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसला. योगराजच्या बायकोनं, भागीरथीनं, धागे कापायची कातर उचलली.

“मन्हा पोर्‍याना डोळा फोडा यानी,” ती नवऱ्याला म्हणाली. “देवनीच सांगेल शे ना? वाचा ती ओळ परत.”

योगराजनं पुस्तक उघडलं. पुढची ओळ त्याला पाठ होती. ती वाचली की कातर थांबणार, आणि ती थांबू नये असं त्याला मनापासून वाटत होतं. कोपऱ्यात ललित पट्टी बांधून बसला होता. एका ओळीचा तर प्रश्न, कुणाला कळणार होतं?

कातरीचं टोक पापणीत रुतलं. छगन गुरासारखा हंबरला.

“पण मी सांगतो,” योगराज ओरडला, “दुष्टाला उलट मारू नका! एका गालावर मारलं तर दुसरा पुढं करा!”

“हे आत्ता घुसडलं तुम्ही,” भगवान गुरगुरला.

“नाही रे. येशूच बोलतोय, त्याच दमात. अर्धं ऐकून डोळा काढायचा तर काढा, पण त्याचं नाव घेऊ नका.”

“मग आठवडाभर मूग गिळून का बसलात?” भागीरथीनं विचारलं.

योगराज पुढची ओळ वाचू लागला. तिनं सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. तो चिरक्या आवाजात वाचतच राहिला. तिनं दुसऱ्या गालावरही मारली, मग कातर भिंतीवर फेकून मटकन खाली बसली. भगवाननं शिव्या घालत दोर सोडला. छगन डोळा दाबत उठला आणि पळाला. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही त्यानं.

“आबा,” ललित म्हणाला, “ती ओळ गाळली असती ना, तर आज मला झोप लागली असती.”

“मलाही, बाळा,” योगराज म्हणाला आणि त्याच्याजवळ बसून ढसाढसा रडला.