बिनआवाजाचं फाटक

मी एक जुनं लोखंडी फाटक आहे, मित्रांनो, बेलापूरजवळच्या वस्तीवरच्या शाळेचं. माझ्या एका बाजूला पहिली ते चौथीची मुलं, दुसऱ्या बाजूला साखर कारखान्याचा रस्ता आणि मधे मी. काम एवढंच, पण ते काही सोपं नाही.

वेल्डरने मला जोडलं तेव्हा माझा निळा रंग बघायला सगळी वस्ती जमली होती. पुढे रंग उडाला, बिजागऱ्या गंजल्या आणि मी करकरू लागलं. कुणी जरा ढकललं तरी मुलं कानांत बोटं घालायची. खिचडी शिजवणाऱ्या बनाबाई मात्र चुलीपासूनच ओरडायच्या, "कोन रं त्यो? भाईर कशापायी चाललास?" पळणारा गुमान माघारी फिरायचा. तेव्हा मला माझ्या बेसूर गळ्याचा फार अभिमान वाटे.

मग माझी कडी तुटली. चौथीतल्या नॅथनने भारती मॅडमना सांगितलं, "मॅडम, फाटकाची कडी लागत न्हाई." त्याला घोर होता, कारण त्याची धाकटी बहीण रोझी नुकतीच पहिलीत आली होती. मॅडम मनाने चांगल्या, पण कामांनी पार वैतागलेल्या. "सांगते हं कुणाला तरी. तू आधी पाढे पाठ कर." कडीच्या जागी सुतळी आली. शाळेत पाहुणे येणार म्हणून मला नवा रंग लावला आणि बिजागऱ्यांत तेल सोडलं. "आता कसं शहाण्यासारखं वागतंय!" मॅडम कौतुकाने म्हणाल्या. बडा घर, पोकळ वासा, तशी माझी गत झाली.

ऊसतोडीचे दिवस होते. मधल्या सुट्टीत ट्रॅक्टरवरची गाणी ऐकू आली. आपल्याकडच्या पोरांना एक वाईट खोड आहे. उसाची ट्रॉली दिसली की मागे धावायचं आणि ऊस उपसायचा. मोठी माणसंही हसून बघतात, कारण लहानपणी त्यांनीही तेच केलेलं असतं.

रोझीने सुतळी सोडली आणि मला रस्त्याकडे ढकललं. मी जीव तोडून करकरायला गेलं, पण आवाजच फुटेना! बनाबाई ताटं घासत होत्या. कुणाचीही मान वळली नाही.

ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या होत्या. पुढच्या ट्रॉलीतून लोंबणारा ऊस रोझीने दोन्ही हातांनी धरला. ऊस निघेना आणि ती सोडेना. ती फरफटू लागली. मागच्या ट्रॉलीचं चाक तिच्याकडे येत होतं.

"रोझे, सोड! सोड त्यो ऊस!" नॅथन किंचाळत धावला. गाण्यांच्या गोंगाटात ड्रायव्हरला काही ऐकू जाईना.

तेवढ्यात मागच्या ट्रॉलीतून बाहेर आलेली मोळी माझ्या गजांत अडकली. मी खेचलं गेलं, एक बिजागरी उखडली, आणि माझ्या लोखंडातून असा कर्कश आवाज निघाला की ड्रायव्हर रामने करकचून ब्रेक मारला.

चाक रोझीच्या चपलेवर थांबलं. पाय चपलेत नव्हता.

"माझी बाय गं!" बनाबाईंनी तिला पोटाशी धरलं. राम ट्रॅक्टरवरून उतरून रस्त्यावरच बसला आणि म्हणाला, "मला दिसलीच न्हाई वो पोरगी." भारती मॅडमनी नॅथनचा हात धरला. "तू सांगितलं होतंस रे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वेल्डर आला. त्याने मला सरळ केलं, नवी कडी बसवली आणि तेलाची बाटली काढली. बनाबाईंनी त्याचं मनगट धरलं. "त्याल नगं. बोंबलू दे त्याला."

मित्रांनो, जाता-येता माझ्या कडीकडे बघत जा. सुटलेली दिसली तर मोठ्यांना सांगा, आणि त्यांनी ऐकलं नाही तर पुन्हा सांगा. मोठ्यांनो, तुम्ही पहिल्या वेळीच ऐका.

काल मधल्या सुट्टीत रोझीने हळूच कडी काढून मला ढकलून बघितलं. मी करकरलं. चुलीपासून हाक आली, "कोन रं त्यो?" रोझी जीभ चावून मागे पळाली, आणि जाता जाता माझी कडी लावायला विसरली नाही.