विद्युतानंदाचा तांब्याचा डबा

मोर्शीबाहेरच्या मठात पाय ठेवायला जागा नव्हती. मांडवात विपुलची पांढरी इलेक्ट्रिक गाडी उभी होती. पडद्यामागून आलेली, भगव्या कापडात गुंडाळलेली जाड केबल वेदीवरच्या तांब्याच्या डब्याला वेढा घालून गाडीत शिरली होती.

"वीज म्हणजे माता!" विद्युतानंद महाराज माइकवर गरजले. "घरात वास्तुदोष असला की माता लंगडत येते. हे शक्तीयंत्र दोष गिळतं, अन् माता धावत सुटते!"

दोन तासांत बॅटरी तीस टक्क्यांवरून पंचाहत्तरवर! एकच जयजयकार झाला. विपुलचे डोळे भरून आले. घरी तेवढ्या वेळात जेमतेम बारा टक्के चढत. आईला, गोदाबाईंना, आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी अमरावतीला न्यावं लागे. गाडी घेतली होती तीच त्यासाठी. चार्जिंग पुरलं नाही म्हणून पंधरवड्यात दोन फेऱ्या चुकल्या होत्या. माउलीचे पाय सुजून टम्म झाले होते.

त्याची मोठी बहीण रागिणी अकोल्यात आयटीआयच्या मुलांना वायरिंग शिकवायची. ती वेदीमागच्या पडद्याकडे निघाली, तसे सेवक आडवे आले.

"ताई, तुले सगळ्यातच खोट काहून दिसते?" विपुल चिडला.

"दिसू दे. पण मी येईस्तोवर घरी काही जोडू नको. आपली वायर जुनी हाय, बाबू."

मुलांच्या परीक्षा होत्या. ती अकोल्याला परतली.

चौथ्या दिवशी मठाचा माणूस तसाच डबा घेऊन विपुलच्या घरी आला आणि त्याने तो बोर्डाशेजारी बसवला. गाडी लावली की मधूनच एमसीबी पडे, जादा भाराने वीज आपोआप तुटे. "हाच तो दोष," म्हणत त्याने एमसीबी काढली आणि तिच्या जागी तांब्याची तार पिळली. आता वीज तुटेना. विपुल निर्धास्त झाला आणि भरदुपारी गाडी चार्जिंगला लावून आईची औषधं आणायला बाहेर पडला. भिंतीतली वायर तापत गेली, बोर्डाने पेट घेतला, खोलीत धूर कोंडला. शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा गोदाबाई बाजेवर नव्हत्या. सरपटत दारापर्यंत आल्या होत्या. विपुल गेल्यावर भिंत धरून लावलेली आतली कडी उंचावर होती, आणि धुरात उभं राहवलं नव्हतं.

तेरावं झालं. रागिणीने जळका बोर्ड पिशवीत घातला, विपुलला सोबत घेतलं आणि भर दरबारात शिरून, सेवक आडवे यायच्या आत, वेदीमागचा पडदा ओढला.

मागे भिंतीवर सात किलोवॅटचा चार्जर होता. त्याला मठाच्या स्वतंत्र ट्रान्सफॉर्मरवरून आलेली मनगटाएवढी वायर. तिने वेदीवरचा डबा उघडून उपडा केला. थोडी राख सांडली, बस.

"पाहा," ती म्हणाली. "घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगातून तीन किलोवॅट निघते, तेही व्होल्टेज पूर्ण असलं त. बागाईतले पंप सुरू झाले की आपल्या गल्लीत दोनच उरते. इथं सात! म्हणून गाडी लवकर भरते. अन् तीसपासून पंचाहत्तरपर्यंतच काहून दाखवते हा? कारण शेवटी शेवटी बॅटरी कोणाचीही हळूच भरते. मंत्र म्हणा का नका म्हणू."

महाराजांनी डोळे मिटले. "बाई, शोकानं तुझी मती फिरली. मातेनं तिला बोलावून घेतलं. कुठं तरी श्रद्धा कमी पडली."

इतका वेळ खाली मान घालून उभा असलेला विपुल पुढे आला. त्याने जळका बोर्ड वेदीवर ठेवला.

"श्रद्धा कमी नोती, महाराज. वायर बारीक होती." मग तो लोकांकडे वळला. "तुमच्यापैकी ज्याच्या घरी हा डबा लागला असन, त्यानं आत्ताच उठा. मेन स्विच बंद करा, वायरमनले बोलवा. एमसीबी पडते ते आपल्याले वाचवाले पडते. मले हे शिकाले माय द्या लागली. तुमी फुकट शिका."

मागच्या रांगेतला एक म्हातारा काठी टेकत उठला. मग दोन बाया उठल्या. बाकीचे अजून महाराजांच्या तोंडाकडे पाहत होते.